विझवलेली चूल

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे मोठे शब्दही मला येत नाहीत. पण गोष्ट मला नीट माहीत आहे. ती साध्या शब्दांत सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी ऐकली तर मला जास्तच आनंद होईल.

पुष्कळ जुना काळ होता. इतका जुना, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. त्याच्या राज्यात एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगराच्या कपारीतून काळं तेल वाहायचं. ते कुणी पेरलं नव्हतं, कुणी गाळलं नव्हतं. बायकांनी कपारीला घागर लावायची आणि एक ओवी म्हणायची. ओवी संपली की घागर भरलेली असायची.

त्या तेलावर सगळं गाव चालायचं. चुली तेलावर, दिवे तेलावर, थंडीतल्या शेगड्याही तेलावर. आणि गावाची एक रीत होती. चूल कधी विझू द्यायची नाही. स्वयंपाक उरकला तरी ती तशीच जळत ठेवायची. घरात कुणी वारलं तरच चूल विझायची, आणि मग शेजारी पिठलं-भाकरी घेऊन यायचे. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा आधी चुलीपाशी जायचे. मुलाचा बाप जळत्या चुलीवर दोन्ही तळवे धरायचा आणि म्हणायचा, "आच मिळाली." तेवढं म्हटलं की लग्न ठरलं.

त्या गावात येसाई नावाची बाई राहायची. घरात तिचा मुलगा, सून आणि लग्नाची मुलगी साळू. एकदा येसाई कपारीपाशी घागर लावून बसली. ओवी संपली, तरी घागर अर्धीच. तिने दुसरी ओवी म्हटली, तेव्हा कुठे ती भरली. पुढच्या हिवाळ्यात तिसरी ओवी लागली.

"ओव्या वाढल्या गं बायांनो," येसाई म्हणाली. "तेल आटतंय."

शेजारची ठकूकाकी हसली. "तेल नाही आटत, येसाई. तूच म्हातारपणी घाईघाईने गायला लागलीस."

सगळ्या बायका हसल्या. येसाईही हसली. पण घरी येता येता तिचं हसू मावळलं. तिला एक गोष्ट सुचली, जी आजवर गावात कुणाला सुचली नव्हती. गावातल्या सगळ्या चुली एकदम कधी विझल्याच नव्हत्या, म्हणून चूल पेटवणं कुणालाच येत नव्हतं! कुणी वारलं की शेजारच्या जळत्या चुलीतून विस्तव आणायचा, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

तिने घरच्यांना समोर बसवलं. "आपण कमी तेलावर राहायला शिकू. तेल आहे तोवरच शिकू. आज चुकलो तरी उपाशी राहणार नाही. तेल संपल्यावर चुकलो तर राहू."

आणि तिने चुलीवर झाकण ठेवलं. ज्योत विझली.

मुलाने गारगोटी आणि कापूस घेतला. ठिणगी पडेना. मग एकदम पडली, तीही भलतीकडे. सुनेने पदर तोंडाशी धरला. "आत्याबाई, चूल नाही पेटली, पण ह्यांची मिशी पेटली."

हळूहळू हात बसला. मग येसाईने वेताची मोठी टोपली घेतली. तिच्यात वाळलेलं गवत दाबून भरलं आणि मधे पातेल्यापुरती जागा ठेवली. भाताला उकळी फुटली की चूल विझवायची, पातेलं गवतात बसवायचं आणि वरून जाड गोधडी टाकायची. पुढचा भात गवतातल्या उबेवर शिजायचा. पहिला भात कच्चाच राहिला. सगळ्यांनी तो कचाकचा चावून खाल्ला. येसाईने गवत वाढवलं.

मुलाने उत्तरेच्या भिंतीला माती आणि भुसा कालवून जाड लिंपण केलं. अंथरुणं गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेली, कारण गुरांची ऊब भिंतीतून यायची. निवडणं, टिपणं, शिवणं दिवसाउजेडी ओसरीवर होऊ लागलं. बांधावर सरपणाची झाडं लागली.

येसाईच्या छपरावरचा धूर थांबलेला गावाने पाहिला. ठकूकाकी डोळ्यांना पदर लावून, पिठलं-भाकरीची पाटी घेऊन दारात आली.

"कोण गेलं गं, येसाई?"

"कुणी नाही गेलं. ये, बस. भात शिजतोय."

"चूल थंड, आणि भात शिजतोय? दुःखाने डोकं फिरलं गं बाईचं!"

येसाईने गोधडी उचलली. टोपलीतून वाफ आली. काकीने वाकून पाहिलं, एक शीत दाबलं आणि पाटी उचलून चालू लागली. दारातून म्हणाली, "भात चांगला आहे. पण लक्षण वाईट आहे. पोरीच्या लग्नाचं बघ."

काकी चुकीचं बोलली नव्हती. वरच्या आळीतल्या दाजीबांच्या घरून साळूसाठी विचारणा झाली होती. त्यांचा मुलगा केरबा साळूला मनातून आवडायचा.

पाहुणे यायच्या दिवशी साळू आईजवळ आली. "आई, आजच्यापुरती चूल पेटती राहू दे."

येसाई उठून चुलीपाशी गेली. मग तिने गारगोटी हातात घेतली. "तुझ्या सुखापुढे घागरभर तेल मला जड नाही. पेटवते."

साळू आईच्या हातांकडे बघत राहिली. ठिणगी पडायच्या आत तिनेच तो हात धरला.

"नको. आज दाखवायला आच ठेवली, तर त्या घरात जन्मभर दाखवायलाच आच ठेवावी लागेल."

दाजीबा केरबाला घेऊन आले. रीतीप्रमाणे चुलीपाशी गेले आणि तळवे धरले. चूल थंड होती.

"घरात सुतक आहे का?"

"नाही दाजीबा," येसाई म्हणाली. "स्वयंपाक झाला, म्हणून विझवली."

"विझल्या चुलीची मुलगी आम्ही करत नाही."

ते पाणीही न पिता निघाले. केरबाने उंबऱ्यापाशी एकदा मागे वळून पाहिलं, पण बापापुढे बोलला नाही.

साळू पुष्कळ रडली. येसाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्यामुळे मोडलं तुझं."

"तुझ्यामुळे नाही," साळू नाक पुसत म्हणाली. "तू तर पेटवत होतीस. नको मी म्हटलं. आणि उद्याही नकोच म्हणेन."

येसाईने लेकीकडे पाहिलं. तिच्या मनात दुःखही होतं, पण अभिमान त्याहून मोठा होता.

त्यानंतर कपारीपाशी ओव्या म्हणता म्हणता बायकांचे घसे बसू लागले. मग धार तुटली आणि तेल थेंब थेंब गळू लागलं. एकेक करून गावातल्या चुली विझल्या. सगळ्या घरांत एकदम सुतक आल्यासारखं झालं, आणि पिठलं-भाकरी घेऊन जायला कुणीच उरलं नाही. लोक चुलीपुढे नुसते बसून राहिले. विस्तव आणायचा कुठून?

येसाईच्या छपरातून मात्र बांधावरच्या सरपणाचा सकाळी थोडा धूर निघायचा, संध्याकाळी थोडा. लोक तो धूर बघून तिच्या दारात येऊ लागले. पहिली आली ठकूकाकी.

"बोल काय बोलायचं ते," काकी म्हणाली. "पण आधी ठिणगी कशी पाडतात ते सांग."

येसाईने कुणाला टोमणा मारला नाही. मुलगा गारगोटी शिकवायचा, सून लिंपण दाखवायची आणि साळू टोपली भरायला शिकवायची. एक दिवस केरबा आला. त्याने स्वतः विणलेली टोपली आणली होती. तिच्या भोकांतून हात बाहेर येत होता.

"हे काय, कोंबड्या झाकायला आणलंय?" साळू म्हणाली.

"हस पाहिजे तेवढी. पण शिकव."

"आणि तुमचे वडील?"

"ते शेजाऱ्यांकडची गार भाकरी खातात आणि मला म्हणतात, जा."

केरबा शिकला. गवत किती दाबायचं, गोधडी कुठून मुडपायची, हेही शिकला. मग दाजीबा स्वतः आले. पागोटं हातात घेऊन ओसरीच्या कडेला उभे राहिले.

"येसाई, झालं गेलं विसर. पोरगी आम्हाला दे."

येसाईने साळूकडे पाहिलं. साळू दारातूनच म्हणाली, "या वेळी आम्ही बघायला येतो."

असं गावात कधी झालं नव्हतं. येसाईकडची सगळी मंडळी वरच्या आळीला गेली. दाजीबांच्या चुलीवर सरपण जळत होतं. शेजारच्या घरांतून लोक डोकावत होते.

"चूल विझवा," येसाई म्हणाली.

दाजीबांनी आयुष्यात हे केलं नव्हतं. पण त्यांनी स्वतः राख लोटून विस्तव दाबला. मग केरबा गारगोटी घेऊन बसला. एक ठिणगी गेली, दुसरी गेली, तिसरीने कापूस धरला. भाताला उकळी आली तशी त्याने चूल विझवली आणि पातेलं टोपलीत बसवलं.

दाजीबांना दम निघेना. "उघडून बघू का?"

"बाबा, हात लावू नका," केरबा म्हणाला. "उघडलं की ऊब जाते."

सगळे वाट बघत बसले. शेवटी गोधडी निघाली. भाताचं शीत न् शीत मोकळं झालं होतं. साळूने एक घास घेतला. सगळी आळी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

केरबाचा चेहरा पडला.

"ते मी आल्यावर घालत जाईन," साळू म्हणाली, आणि ठकूकाकीने एवढ्या जोरात टाळी वाजवली की गोठ्यातली म्हैस दचकली.

तेव्हापासून त्या गावात मुलीकडचे लोक मुलाचं घर बघायला जातात, आणि चूल विझवून परत पेटवून दाखवा म्हणतात. कपारीतून अजून थेंब थेंब तेल गळतं. ते बाळंतिणीच्या खोलीतल्या दिव्यासाठी ठेवतात. बाकी गाव आपल्या हातांच्या कसबावर जगतं, आणि परगावच्या पाहुण्याला आपली टोपली फार अभिमानाने दाखवतं.

तात्पर्य: जे एक दिवस आटणार आहे, त्याच्यावाचून राहायला जे घर आधीच शिकतं, ते कुणापुढे मान खाली घालत नाही.

ही गोष्ट मी लिहून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला विचारून स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचं, उजेड अडवणारं लोखंडी कपाट बाजूला सरकवलं, आणि दिवसा जळणारा बल्ब बंद केला.