सातवा बेडूक

फुंकर मारून गेमची कॅसेट लावायचे, त्या जमान्यातली एक म्हातारी कॅसेट खणात राहायची. तिच्यातल्या उड्या मारणाऱ्या बेडकावर पोरांचा भारी जीव. एके दिवशी त्याच गेमच्या सातव्या भागाची चकचकीत सीडी खणात येऊन पडली.

"ये गं पोरी! बघू आपला बेडूक," कॅसेट हरखून म्हणाली.

बेडूक हुबेहूब तोच होता, उडीही तीच. पण कॅसेटमधल्या बेडकासारखी त्याची छाती श्वासाने हलत नव्हती, डोळे मिटत नव्हते.

"पोरं खेळली का गं?"

"घटकाभर खेळली. मग मला इथे टाकलं."

"अगं, पण तुझ्यात फुंकर कुणी मारली?"

"फुंकर म्हणजे काय गं, आजी?"

कॅसेटच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात खणाच्या तळातून दुसऱ्या भागापासून सहाव्यापर्यंतचे सगळे बेडूक एका सुरात म्हणाले, "आम्हालाही सांग ना, आजी."