सातवी ढोली

लई जुनी गोष्ट आहे हां, तेव्हा झाडंपण बोलायची म्हणे. एका उंबरावर खारींची वस्ती होती आणि खाली बाभळीच्या काट्यांचं असलं भारी कुंपण! तरी धामणीची भीती होतीच. म्हणून त्यांनी सुतारपक्ष्याला बोलावलं. "सुतारदादा, धामण आली तर आमच्या ढोल्या टिकतील का, जरा तपासा ना."

त्यानं एकेका ढोलीवर टकटक केली. सगळ्या गप्प. सातवीतून मात्र चिंगी खार म्हणाली, "कोण? जरा हळू हं, पिल्लं झोपलीत."

"अगं येडे, उत्तर कशाला देतेस? आवाजावरूनच कळलं ना आत कोण आहे ते! टकटक ऐकली की गप्प बसायचं."

"बरं दादा. पण दारी आलेल्याला ओ न देणं बरं दिसतं का?"

सुतारपक्षी हसला. काम फत्ते झालं म्हणून तो शेंड्यावर गेला आणि नेहमीसारखा ऐटीत ओरडला, "बाकी सगळं पक्कं! फक्त सातवी ढोली बोलते! आत चिंगी आहे, पिल्लांसकट!"

खारींनी ऐकलं. कुंपणापलीकडे धामणीनंही ऐकलं.

दुपारी ती काट्यांखालून सरकत वर आली आणि शेपटीनं सातव्या ढोलीवर टकटक केली.

"सुतारदादा, परत आलात?" म्हणत चिंगीनं डोकं बाहेर काढलं.

आता सुतारपक्षी कुठेही तपासायला गेला, की सापडलेली खोट ज्याची त्याच्याच कानात हळूच सांगतो. उंबरावर आला, की सातव्या ढोलीवर टकटक करून थांबतो. आतून कुणीच ओ देत नाही. त्यानं शिकवलं होतं, अगदी तस्संच.