कधीच न येणारा फोन

नाशिकजवळच्या एका कंपनीत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना थेंबथेंब औषध देणारे पंप बनत. पंपाचा सेन्सर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना जोडणाऱ्या 'ड्रायव्हर' या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य अभियंते देवस्थळी यांनी एक बदल केला. सेन्सर गप्प झाला, म्हणजे त्याचे संकेत येणं थांबलं, तर पंप थांबवून घंटा वाजवणारी तपासणी त्यांनी काढूनच टाकली. बदल तपासायला तरुण अभियंता शर्वाणी हळबेकडे आला आणि तिने मंजुरी अडवली.

देवस्थळी भर बैठकीत कडाडले, "हा सेन्सर गप्प होऊच शकत नाही! तू शाळेत होतीस तेव्हापासून ड्रायव्हर लिहितोय मी. उगाच कोड जड कशाला करायचा?"

"ठीक आहे, सर," शर्वाणी शांतपणे म्हणाली. "मग त्या जागी एवढंच लिहू: सेन्सर गप्प झाला, तर पंपाच्या पडद्यावर तुमचा मोबाइल नंबर येईल. रुग्णाचे नातेवाईक थेट तुमच्याशी बोलतील. नाहीतरी फोन कधी येणारच नाही."

सगळे हसले. देवस्थळींनी मात्र टेबलावर ठेवलेला नमुन्याचा पंप स्वतःकडे ओढला.

"तपासणी मी परत घालतो," ते हळूच म्हणाले. "आणि घंटेचा आवाज जरा मोठाच ठेवू."