पहिल्या बॅटरीवरचे दिवे

देवस्थानाच्या त्या पहिल्या सभेत आपण नेमके काय बोललो, हे वामनरावांना पुढे कधीच नीट आठवले नाही. आपण बोललो होतो, एवढे त्यांना वाटत असे. पण किती मोठ्याने बोललो, कोणत्या शब्दांत बोललो आणि ते कुणाच्या कानावर गेले का, याची त्यांना खात्री नव्हती. बाकीची गोष्ट मात्र सगळ्या गावाला ठाऊक आहे.

एका डोंगरावर देवीचे जुने देऊळ होते. पायथ्यापासून वर चढाचा रस्ता जात असे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्या रस्त्याने नेण्यासाठी देवस्थानाने बॅटरीची एक गाडी घेतली होती. गोल्फ खेळणारे लोक मैदानावर फिरायला वापरतात तसली, पांढरी, चारी बाजूंनी उघडी. ती चालवायला लहू नावाचा माणूस होता. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्याचा डावा पाय ताठ झाला होता. शेतावर त्याला कुणी बोलावत नसे. या गाडीला क्लच नव्हता, दोन्ही पेडल एका पायाने दाबता येत. साऱ्या पंचक्रोशीत त्याला जमेल असे हे एकच काम होते. ते गेले तर दुसरे मिळणार नाही, हे त्याला माहीत होते. म्हणून तो गाडीला जिवापाड जपे. फेऱ्या संपल्या की आधी तिला चार्जिंगला लावायचा आणि मग स्वतः जेवायचा.

"बाकीच्या गाड्यांत मी नुसता बसतो," तो म्हणायचा, "ही एकटीच माझं ऐकते."

त्या देवस्थानाची एक रीत होती. तिथली प्रत्येक वस्तू कुणीतरी अर्पण केलेली असायची आणि तिच्यावर त्याचे नाव असायचे. पंख्यांच्या पात्यांवर नावे होती, पायऱ्यांवर नावे होती, पाण्याच्या टाकीवर तर नाव आधी दिसे आणि नळ मागाहून. गाडी आली तेव्हा मोकळीच होती. मग तिच्यासाठीही भक्त पुढे आले. एकाने पुढचे दिवे दिले, एकाने मागचे लाल दिवे. कुणी हॉर्न दिला, कुणी आरती वाजवणारा स्पीकर, कुणी छोटा पंखा, कुणी छताभोवती लावायची रंगीत माळ. अध्यक्ष सुभानरावांनी सर्वांत मोठी वस्तू दिली. त्यांच्या दिवंगत आईच्या नावाची, आतून उजळणारी पाटी. ती समोर लावायची होती.

हे सगळे जोडायला जयराम वायरमनला बोलावले. त्याने सीट उचलली. खाली चार बॅटऱ्या ओळीने बसवल्या होत्या. वामनराव शेजारी उभे होते. ते देवस्थानाचे चिटणीस होते, आणि त्याआधी उभा जन्म त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले होते.

"सर, गाडी चालते अठ्ठेचाळीस व्होल्टवर आणि दिवे सगळे बाराचे," जयराम म्हणाला. "मधे एक डबा बसवावा लागतो. तो चौघींकडून सारखं घेतो आणि बारा करून देतो."

"आणि डबा नाही बसवला तर?"

"तर या पुढच्या एकटीवरून वायर काढायची. लागायला काय, आत्ता लागतील. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

वामनरावांना कळत होते. चार बॅटऱ्या एका ओळीत असल्या आणि दिव्यांचा भार एकीवरच टाकला, तर ती रोज इतरांपेक्षा जास्त रिकामी होणार. चार्जर चौघींची बेरीज पाहतो, एकेकीची भूक पाहत नाही. बाकीच्या तिघी भरल्या की त्याला वाटते, काम झाले. पहिली रोज थोडी उपाशी राहणार. एक दिवस ती बसणार, आणि ती बसली की बाकीच्या धडधाकट असूनही गाडी चढ चढणार नाही. हे त्यांनी कित्येक वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले होते.

डब्याचा विषय सभेत निघाला. गाडीवर देवस्थानाचा पैसा लावायचा नाही, सगळे भक्तांकडूनच घ्यायचे, असा ठराव होता. म्हणजे डब्यालाही दाता हवा.

"हा डबा बसणार कुठे?" सुभानरावांनी विचारले.

"सीटखाली," वामनराव म्हणाले.

"मग नाव कुठे लिहायचं?"

"उठावदार अक्षरात लिहा," एक सभासद म्हणाला, "बसणाऱ्याला टोचलं की दाता आठवेल."

सगळे हसले. डबा द्यायला कुणी पुढे आले नाही.

"सर, तुम्ही शिकलेले आहात," सुभानराव म्हणाले. "डब्यावाचून दिवे लागतील की नाही, तेवढं सांगा."

"लागतील. पण बहुधा, म्हणजे माझं चुकतही असेल, कालांतराने त्या पुढच्या बॅटरीला..."

"लागतील ना?"

"लागतील."

"झालं तर."

डबा आपणच आणून द्यावा, असे घरी जाताना वामनरावांच्या मनात आले. मग वाटले, सभेने सोडून दिलेली गोष्ट आपण आणली तर सुभानरावांना तो टोला वाटेल. शिवाय आपला हिशेबच चुकला असला तर? त्यांनी कपाटातून जुने पुस्तक काढले. पुस्तकात तेच लिहिले होते. त्यांनी ते मिटले आणि मनाशी म्हणाले, पुस्तक जुने आहे, हल्लीच्या बॅटऱ्या वेगळ्या असतील.

जयरामने पुढच्या बॅटरीवरून वायरी काढून सगळे जोडून टाकले. गाडी झगमगू लागली. लहू तिच्याभोवती लंगडत फिरला आणि वामनरावांजवळ येऊन थांबला.

"सर, जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसतेय. पण एवढं सगळं हिला झेपेल ना?"

"बघू या," वामनराव म्हणाले.

पावसाळा संपेपर्यंत गाडी चालली. मग लहू तक्रार करू लागला की ती चढाला दमते.

"ती नाही, तू दमतोस," सुभानराव म्हणाले.

नवरात्रात सुभानरावांकडे शहरातून पाहुणे आले. दिवेलागणीला सगळी मंडळी गाडीत बसली. दिवे लागले, माळ लागली, पाटी उजळली, आरती सुरू झाली. अर्ध्या चढावर पाटी मंद झाली, आरती मधेच बंद पडली आणि गाडी उभी राहिली. मागे उतार होता. लहूने चांगला पाय ब्रेकवर रोवला आणि शेवटचा माणूस खाली उतरून चाकाखाली दगड लावीपर्यंत उचलला नाही. ते कुणाच्या लक्षात आले नाही. भर गर्दीत सुभानरावांना पाहुण्यांसह पायी चढावे लागले, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी सभा बसली. लहू समोर उभा होता.

"परवा रात्री गाडी चार्जिंगला लावली नव्हतीस," सुभानराव म्हणाले.

"लावली होती, साहेब. रोज लावतो."

"मग काय देवीने उतरवली?"

लहू त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो वामनरावांकडे बघत होता.

"सर, तुम्ही सांगा. तुम्हाला यातलं कळतं."

सगळ्यांच्या माना वळल्या. दाराशी जयराम उभा होता. तोही सरांच्या तोंडाकडे पाहू लागला. सर बोलले तर मागून आपणही बोलावे, असा त्याचा विचार दिसत होता. वामनरावांच्या ओठांवर वाक्य तयार होते. दोष लहूचा नाही, वायरीचा आहे, एवढेच म्हणायचे होते. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात शंका आली. त्या रात्री लहूने चार्जर लावलेला आपण डोळ्यांनी पाहिला का? नाही. मग तो एखादे वेळी विसरलाही असेल. पुराव्यावाचून खात्रीने बोलणे हे शिकलेल्या माणसाला शोभते का?

"नक्की सांगणं कठीण आहे," ते म्हणाले. "तपासून बघावं लागेल, बहुधा."

"बघा," सुभानराव म्हणाले, "सरांनासुद्धा खात्री नाही."

जयराम दारातून निघून गेला. लहूला कामावरून काढले. नंतर तपासून कुणीच पाहिले नाही. बंद पडलेली गाडी पुन्हा चार्जिंगलाही लावली नाही, चारही बॅटऱ्या तशाच काढून विकून टाकल्या.

जाताना लहूने गाडी पुसून ठेवली. वामनराव ओट्यावर होते. त्यांना चुकवून तो जाऊ शकला असता, पण तो थांबला.

"सर, माझीच चूक म्हणाला असता, तर मी तुमच्याशी भांडलो असतो," तो म्हणाला. "तुम्ही भांडायलाही काही ठेवलं नाहीत."

पुढे लहू बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला. कुणी म्हणे तो वीटभट्टीवर विटा मोजत बसतो, कुणी म्हणे एका स्टँडवर हात पसरताना दिसला. वामनरावांनी खरे काय ते शोधले नाही. रात्री अंथरुणावर पडले की ते स्वतःला समजावत, तो चार्जिंग विसरलाच असेल, माणूस आहे, विसरतो. या एका विचारावर त्यांना झोप लागे.

पाच वर्षांनी ते एका लग्नाला गेले होते. ऐन जेवणाच्या पंगतीत वीज गेली, पण मांडवातले दिवे चालूच राहिले. मांडव आणि दिवे भाड्याने देणारा गंगाधर नावाचा माणूस होता. वामनरावांना पाहून तो पुढे आला.

"सर, हे दिवे तुमच्याच देवस्थानच्या बॅटऱ्यांवर चाललेत," तो कौतुकाने म्हणाला. "तेव्हा चार घेतल्या होत्या. एक मेलेली निघाली. बाकीच्या तिघी अजून दमल्या नाहीत."

"मेलेली कोणती?" वामनरावांनी विचारले.

"जिला जास्तीच्या वायरी लोंबत होत्या, ती."

"नक्की? बाकीच्या तेव्हा रिकाम्या नव्हत्या?"

"नाही हो. आणल्या त्याच दिवशी मीटर लावून बघितल्या होत्या. तिघी निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या."

वामनराव पानावरून उठले. चार्जिंग राहून गेले असते, तर चारही बॅटऱ्या रिकाम्या झाल्या असत्या. लहूने त्या रात्रीही गाडी चार्जिंगला लावली होती.

तात्पर्य एवढेच: जे आपल्याला ठाऊक आहे ते वेळेवर स्पष्ट सांगितले नाही, तर आपल्या शंकेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, आणि मागाहून पटलेली खात्री त्याच्या काही कामाची नसते.