शंभर टक्के होकार

ग्रामसभेत सरपंच दौलतरावांनी मोबाइल उंच धरला. "हात वर करायची कटकट संपली! या एआयनं अख्ख्या गावाचं मन वाचलंय. शाळेच्या मैदानात माझ्या वडिलांचा पुतळा, शंभर टक्के होकार! नाही म्हणेल तो गावाचा वैरी."

पोरांचं मैदान जाणार होतं, पण वैरी कोण होणार? अंगणवाडीच्या शेवंताबाई उठल्या.

"शंभर टक्क्यांत वहिनीपण आल्या ना?"

"आल्याच की!"

"मग यंत्र बिघडलंय. तीस वर्षांत वहिनी तुमच्या कुठल्या गोष्टीला हो म्हणाल्यात?"

सभा खो खो हसली. बायकांमधून सरपंचीणबाईंचा हात सगळ्यांआधी वर गेला. "सासऱ्यांना जन्मभर सांभाळलं, आता पुतळाही मीच पुसू? मोजा हात!"