बाटलेला दगड

त्या मुलखात आग कुणालाच पेटवता येत नसे. डोंगरमाथ्यावर एक सपाट दगड होता, आग त्याच्याच पोटातून यायची. दगडावर अर्पण ठेवावं, ते मान्य झालं की दगड तापायचा, जाळ उठायचा, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी निखारा न्यायचा. त्या निखाऱ्यावर हिवाळा निघायचा. पण आता कितीतरी हिवाळे दगड थंडच होता, आणि दर थंडीत गोठ्यांतून, बिळांतून तान्ही पोरं ताठ होऊन पडत होती.

दगडाची राखण तरसाकडे होती. तो म्हणे, "अर्पणात डाग आहे, म्हणून आग येत नाही." मग रीतच पडली. अर्पण आधी नदीवर न्यायचं, घासून घासून धुवायचं, आणि तरसाला दाखवायचं. ज्या शिंगांनी, ज्या सुळ्यांनी ते आणलं, ती मात्र कुणी धूत नसे. ते रीतीत नव्हतं. घरात बिनडागाचं काही असलं तर लपवायचं आणि शेजारचं ओढून आणायचं, हेही हळूहळू रीतीत बसलं. हरणीचं पाडस गेलं. सशिणीची अख्खी वीण गेली. नदी खालच्या अंगाला तांबडी वाहू लागली. दगडावर राहिलेलं तरस खायचा, आणि तोंड पुसून म्हणायचा, "बघा, पोटाखाली डाग होताच."

त्या हिवाळ्यात सगळ्यांची नजर मेंढीच्या कोकराकडे वळली. ते शेपटीपर्यंत पांढरं होतं.

रानरेडा तिच्या दारात येऊन उभा राहिला. "मेंढीबाई, तू आपणहून दे. मला शिंग लावायला लावू नकोस."

"दादा, तुलाही लेकरू आहे."

"आहे म्हणूनच आलोय. माझं रेडकू गारठलंय. ऊन डोक्यावर आलं की नेतो."

तो गेला तशी मेंढी बाभळीच्या जाळीत घुसली. पुढे गेली, मागे आली, अंग घासत राहिली. काट्यांनी लोकर ओरबाडून निघाली, तिच्याबरोबर कातडंही निघालं. ती सगळी लोकर गोळा करून, कोकराला पुढे घालून ती डोंगर चढली.

तरसानं लोकर हुंगली. "रक्त आहे याला."

"माझंच आहे."

"कुणाचं का असेना. डाग तो डाग."

तरीही तिनं लोकर दगडावर ठेवली आणि दगडाला नाक लावून बघितलं. गार. असाच गारवा तिच्या नाकाला मागे एकदा लागला होता. गेल्या थंडीत कुत्री पिल्लू घेऊन तिच्या दाराशी आली होती, आणि जागा नाही म्हणून तिनं दार लावून घेतलं होतं. सकाळी पिल्लू उंबऱ्यावर ताठ पडलेलं होतं. तिनं ते हुंगलं, आणि खुरानं बाजूला सारून चरायला गेली.

मेंढीनं लोकर तिथंच टाकली आणि कोकराला घेऊन खाली उतरली.

कुत्रीची गुहा डोंगराच्या पायथ्याशी होती. मेंढी दिसताच कुत्रीनं झेप घेतली. आधी कान फाडला, मग मान धरली. कोकरू ओरडत राहिलं.

"आता आठवण आली का गं?" कुत्री दातांतून बोलली. "पोटच्याची पाळी आली तेव्हा?"

"हो, तेव्हाच आली," मेंढी म्हणाली. "तुझं पिल्लू मी पायानं सारलं. सोडायची तर सोड मान, नाहीतर राहू दे."

कुत्रीनं जबडा उघडला आणि तोंडातला लोकरीचा पुंजका थुंकला. "चवसुद्धा धड नाही तुला," ती म्हणाली, आणि खाली बसली. कोकरू घाबरून जे समोर दिसलं त्या पोटाला जाऊन चिकटलं. ते पोट कुत्रीचं होतं. तिनं त्याला हाकललं नाही.

तेवढ्यात रेडा आला. कोकरू वाट फुटेल तिकडं डोंगरावर पळालं, रेडा त्याच्यामागे, आणि त्याच्यामागे दोघी. दगडापाशी कोकरू अडकलं. रेड्यानं मान खाली घातली, आणि कुत्री त्याच्या नाकाला जाऊन लटकली. त्यानं तिला दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज आला. मग त्यानं शिंग आरपार घातलं. कोकरू आईच्या पायांत पोचेपर्यंत कुत्रीचे दात सुटले नाहीत. नंतर सुटले, तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

तरस चिडला. "खरजुल्या कुत्रीचं रक्त सांडलंत. बाटला दगड. आता इथं काही मान्य होणार नाही." त्यानं कुत्रीला पायाला धरून ओढत नेलं आणि दरीत ढकललं.

रेड्याचं नाक फाटून लोंबत होतं. त्याचे पुढचे पाय दुमडले. "मेंढीबाई," तो म्हणाला, "माझं रेडकू सकाळपासून रेकत नाहीये."

मेंढीनं त्याच्या शिंगाकडे पाहिलं. शिंग अजून ओलं होतं. तिचं कोकरू तिच्या उघड्या कातड्याला टेकून कुडकुडत होतं.

ठेवलेलं अर्पण माघारी घेत नाहीत. तरी मेंढीनं दगडावरची लोकर उचलली. तिच्यात आता दोघींचं रक्त होतं.

"चल, दादा," ती म्हणाली. "घर दाखव तुझं."

रेड्याच्या गोठ्यात तिनं ती लोकर रेडकावर घातली. एका अंगाला कोकराला झोपवलं, दुसऱ्या अंगाला आपण पडली. रेडा दारात उभा होता, आत यायला धजत नव्हता. पुष्कळ वेळानं रेडकाचा एक पाय हलला.

तिकडे तरस ओंजळभर वाळू घेऊन डाग घासायला वर आला होता. दगडावर काहीच नव्हतं, कुत्रीचं रक्त मुरलं होतं तेवढी जागा फक्त काळपट दिसत होती. त्यानं त्या जागेवर पंजा ठेवला आणि झटक्यानं मागे घेतला. पंजाचे केस जळाले होते, आणि त्या जागेतून धुराची एक रेघ सरळ वर निघाली होती.