महाराज कसकसे थांबले

चहाचा पेला घेऊन उंबरठ्यावर क्षणभर थांबला, म्हणून हुजऱ्या धोंडजीची चाकरी गेली! देवखिंडचे राजे सुभानराव यांस नुकतेच इंग्रजीचे वेड लागले होते, आणि ‘हेझिटेट करणाऱ्यास या वाड्यात थारा नाही’ असा हुकूम त्यांनी त्याच सकाळी फर्मावला होता.

धोंडजीची लेक ठमा तडक दरबारात आली.

“सरकार, पेला काठोकाठ भरलेला होता. बाबांचा पाय जरासा अडखळला, इतकेच!”

“मग ते फॉल्टर झाले,” इंग्रजीच्या मास्तरांना राहवेना. “मनातून कचरणे ते हेझिटेट, चालता-बोलता अडखळणे ते फॉल्टर, आणि ‘हे की ते’ असे हेलकावे खाणे ते व्हॅसिलेट.”

“पुरे! तिन्ही म्हणजे शेवटी थांबणेच!” महाराज गरजले. “पोरी, भेद असेल तर तो आत्ता, इथे, माझ्या डोळ्यांना दाखव. नाहीतर बाप कायमचा घरी!”

ठमा मुदपाकखान्यात धावली आणि दोन वाट्या घेऊन परतली. एकीत बासुंदी, दुसरीत श्रीखंड.

“सरकार, यांतली एकच उचलावी.”

महाराजांचा हात बासुंदीकडे गेला, श्रीखंडाकडे वळला, पुन्हा बासुंदीकडे आला...

“व्हॅसिलेट!” ठमाने टाळी वाजवली.

दरबार खुसखुसला. महाराजांनी चिडून श्रीखंडात बोट बुडवले.

“साखरेऐवजी मीठ तर पडले नसेल ना, सरकार?”

बोट ओठांपाशी येऊन थबकले.

“हेझिटेट!” आता मास्तरच ओरडले.

महाराजांनी डोळे मिटून बोट चाटले. “गोड तर आहे!”

“मग श्रीखंड कोणाच्या हातचे उत्तम, सरकार? आईसाहेबांच्या, की राणीसाहेबांच्या?”

चिकाच्या पडद्याआड दोघींच्याही बांगड्या किणकिणल्या.

“अर्थातच आईसा... म्हणजे... राणीसा... तसे पाहता...”

“फॉल्टर!” अवघा दरबार एका सुरात गर्जला.

ठमाने हात जोडले. “बाबा तर फक्त अडखळले होते. बोट ओठांपाशी नेऊन कचरले ते सरकार! आता हुकमाप्रमाणे वाड्याबाहेर कोणी जायचे?”

महाराज असे खदखदून हसले की पगडी थेट श्रीखंडाच्या वाटीशेजारी येऊन पडली!

“धोंडजीला बोलवा! आजपासून तो हुजऱ्यांचा नाईक! आणि पोरी, तुला काय देऊ? बासुंदी, की श्रीखंड?”

“दोन्ही!” महाराजांचे वाक्य संपते न संपते तोच ठमाने वाट्या उचलल्या.